बर्फात टिकतील अशी झाडं

सलवा

कुवेतला जाताना स्वेटर घ्या, असं मला साताऱ्यात एकाही माणसाने सांगितलं नाही. खजूर आणा, केशर आणा, सोनं नुसतं बघून तरी या, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यामुळे दोन हजार पाचच्या जानेवारीत मी विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा अंगावर सुती साडी होती आणि समोरून महाबळेश्वरची आठवण व्हावी असा बोचरा वारा येत होता. माझ्या भावजयीला, मेधाला, याचा अंदाज होता. तिने गाडीतून आपला लांब कोट काढला, माझ्या खांद्यांवर घातला आणि म्हणाली, "माझी आई आली होती तेव्हा छत्री कशाला म्हणून हसली होती. दुसऱ्या दिवशी पावसात भिजली."

मेधाचा नवरा सतीश हा माझा धाकटा भाऊ. आमच्यात बरंच अंतर आहे. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे त्याचं शाळा-कॉलेज माझ्या नोकरीवर झालं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. लग्न राहून गेलं, त्याची खंत करायला फारसा वेळही मिळाला नाही. सतीश इंजिनियर झाला, कुवेतच्या एका रिफायनरीत लागला, आणि दर सुट्टीत आला की म्हणायचा, "ताई, अजून थोडी वर्षं, मग आपण सगळे इथेच." निवृत्तीनंतर मी घर बांधलं तेव्हा वरचा मजला त्याच्यासाठी बांधला. या प्रवासाला निघताना माझ्या पर्समध्ये त्या मजल्याच्या फरशीचा एक तुकडा होता. रंग मेधाला पसंत आहे का, हे विचारायचं होतं.

कुवेतच्या सलवा भागातलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली रुंद रस्ते, मातकट रंगाच्या इमारती, प्रत्येक घरापुढे मोठमोठ्या गाड्यांची रांग आणि पायी चालणारं कुणीच नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतून सतीश वर्तमानपत्रात गुंडाळून रोट्या आणायचा. थाळीएवढ्या, बुडाशी खरपूस, आतून मऊ. मेधा त्यांच्याबरोबर ठेचा आणि दही ठेवायची. कुवेतच्या रोटीला आपला ठेचा इतका शोभतो की साताऱ्यात आता मला भाकरीबरोबर तो किंचित एकटा वाटतो.

पहिल्याच सकाळी सतीश मला गॅलरीत घेऊन गेला. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली प्लॅस्टिकच्या टबात कुंड्या होत्या, आणि त्या कुंड्यांत जे होतं ते पाहून मी चष्मा पुसून पुन्हा घातला. कीटक खाणारी झाडं. काटेरी दात असलेल्या जबड्यांचा व्हीनस फ्लायट्रॅप, तुतारीसारखी उभी पानं असलेला सरासेनिया, आणि त्याचाच एक बुटका भाऊबंद, ज्याची पोट सुटलेली लालसर पानं आडवी पसरून आभाळाकडे तोंड वासून बसली होती. मी दरवर्षी पाऊस सरताना मुलांना कासच्या पठारावर न्यायची. तिथे दवबिंदूची चिमुकली लाल झाडं असतात, पानांवर चिकट थेंब आणि त्या थेंबांत अडकलेले किडे. सीतेची आसवंही तिथे फुलतात, त्यांचे सापळे मात्र मुळांशी लपलेले असतात. पण ही परदेशी मंडळी मी फक्त पुस्तकात पाहिली होती.

"ही कुठून आली रे?"

"ईशाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक आणलं होतं. तिचं प्रोजेक्ट संपलं, माझं सुरू झालं."

ईशा म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा आठवीत होती. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं दोघींचं छान चालायचं.

या झाडांना क्षार अजिबात चालत नाहीत, नळाचं पाणी घातलं की ती हळूहळू मरतात. सतीशने त्यावर काढलेला उपाय मला फार आवडला. उन्हाळ्यात कुवेतचा पारा पन्नासाला टेकतो तेव्हा झाडं घरात, एसीत, ट्यूबलाइटखाली राहत, आणि एसीच्या नळीतून गळणारं शुद्ध पाणी बादलीत जमा करून तेच त्यांना घालायचं. हिवाळ्यात एसी बंद, म्हणून मग गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी विकत आणायचं.

"पण फ्लायट्रॅप मेला गं," तो म्हणाला. "बघ, निम्मी पानं काळी."

मी माती बोटाने बाजूला करून पाहिलं. खाली पांढरा, टणक गड्डा होता. "झोपलाय," मी म्हटलं. "थंडीच्या देशातलं झाड आहे. त्याला हिवाळ्यात झोपायला मिळालं नाही तरच ते मरतं. तुझी ही थंडी त्याला मानवली आहे."

त्याचा चेहरा असा उजळला की मला तो शाळेतला सतीश आठवला. लगेच त्याने विचारलं, "ताई, यातली बारा महिने बाहेर, उघड्यावर, थंडीत टिकतील अशी कुठली?"

मला वाटलं, वरच्या मजल्याच्या गच्चीसाठी विचारतोय. मी सुखावले.

तळमजल्यावर घरमालकीण राहत. उम्म यूसुफ, म्हणजे यूसुफची आई, याच नावाने त्यांना सगळे ओळखत. साठीच्या पुढच्या, भारदस्त, काळ्या पायघोळ अबायात. त्यांचे वडील एके काळी मुंबईला मोत्यांच्या व्यापारासाठी येत-जात असत, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई आणि ते बोलायची हौसही होती. मला पाहताच त्यांनी दोन्ही हात धरले. "तुम बड़ी बहन? अच्छा. खाना खाया?"

दुसऱ्या दिवशी गॅलरीत कुबट वास येऊ लागला. शोधता शोधता फ्लायट्रॅपचा जागा असलेला एकुलता एक जबडा सापडला. घट्ट मिटलेला, कडेने तपकिरी पडलेला. चिमट्याने उघडला तर आत मटणाचा धागा आणि भाताचं एक शीत. मेधा कपाळाला हात लावून हसायला लागली. ती सगळी मला आणायला विमानतळावर गेली होती तेव्हा किल्ली खाली उम्म यूसुफकडे होती.

उम्म यूसुफना विचारलं तर त्यांनी काही लपवलं नाही. "रोज पानी, पानी. ये गोश्त खाने वाला है ना? भूखा था."

मी समजावलं की हे पान आता गळून पडेल, पण झाड वाचेल. छातीवर हात ठेवून कुंडीकडे पाहत त्या काहीतरी पुटपुटल्या. नंतर त्यांचा मसालेदार भात आणि मटण, ज्याला तिथे मचबूस म्हणतात, ताटाताटाने वर येऊ लागलं. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर मटणाच्या जागी वांगी आली. उपाशी कुणी राहू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

शुवैख

बॅटरीचं पाणी संपलं म्हणून आम्ही शुवैखला गेलो. बंदराच्या बाजूचा हा भाग म्हणजे गॅरेज, गोदामं आणि कारखाने. सलव्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही, इथे माणसंच माणसं. पठाण, मल्याळी, इजिप्शियन, बंगाली. टायरांचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि गाडीच्या टपावर ठेवलेला चहाचा ग्लास.

मी सतीशला म्हटलं होतं की ही झाडं पाण्यात पाय बुडवून उभी राहणारी, त्यांना टबापेक्षा चांगला, लांब, उथळ ट्रे हवा. तो जरा घुटमळला. "आता कशाला, ताई," असं काहीतरी म्हणाला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये त्याच्या ओळखीचे महादेव काम करत. पन्नाशीचे, डोक्याला रुमाल, हातांवर फायबरची पांढरी भुकटी.

माझं मराठी कानावर पडताच त्यांनी यंत्र बंद केलं. "खंयच्या तुमी?"

"साताऱ्याची."

"मी कणकवलीचो." मग सतीशकडे वळून म्हणाले, "साहेबांनी कधी सांगूक नाय, बहीण येतली म्हणून."

आम्हाला बसायला उलटी टाकी दिली. ट्रे कशासाठी ते ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यां झाड माशी खाता? मगे आमच्या रूमवर एक देवा."

एका खोलीत ते आठ जण राहत. सगळे सिंधुदुर्गाकडचे, सगळ्यांची कुटुंबं गावी. पाळीपाळीने स्वयंपाक. जेवायची वेळ झालीच होती, म्हणून त्यांनी डबा उघडला. माझ्यापुरती सोलकढी आणि भात वेगळा काढला, सतीशला माशाची आमटी दिली. आमटीला तिरफळांचा वास होता. घरून येणारा प्रत्येक जण तिरफळं घेऊन येतो, असं ते म्हणाले. मी विचारलं, गावी कधी जाणार. कंत्राट उन्हाळ्यात संपतं आणि घराचं जोतं झालंय, एवढंच त्यांनी सांगितलं, पण जोतं म्हणताना त्यांचा हात आपोआप जमिनीपासून गुडघ्याएवढा वर आला, जणू ते तिथे समोरच होतं. सतीश ताटातल्या भाताकडे बघत राहिला.

तासाभरात टाकीच्या उरलेल्या तुकड्यातून आकाशी रंगाचा सुंदर ट्रे तयार झाला.

एगैला

एगैला म्हणजे सलव्याच्या दक्षिणेची नवी वस्ती. मोठमोठे मॉल, आणि एका मॉलच्या तळमजल्यावर झाडांचं दुकान. शुक्रवारची, म्हणजे तिथल्या सुट्टीची दुपार होती, सगळं कुवेत तिथे लोटलं होतं. हॉलंडहून विमानाने आलेली झाडं प्लॅस्टिकच्या पेल्यांत ओळीने मांडली होती. फिलिपिनो विक्रेता मला सांगू लागला की मदाम, हे झाड डास खातं, दुसरं औषध नको. मी त्याला सांगितलं की हे झाड पोट भरण्यासाठी डास खातं, घराची सफाई करण्यासाठी नाही. त्याला ते पटलं असावं, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने डासांचं काही सांगितलं नाही.

मी रंगात आले होते. सतीश आणि ईशाला एकेक पेला उचलून दाखवत होते. हे पोपटी रंगाचे, वेलीला लटकणारे घट म्हणजे घटपर्णी, पावसाळी जंगलातलं, गारठा लागला की संपलं. हे उंच तुतारीवालं साताऱ्याच्या थंडीत आरामात राहील. हे दवबिंदू घेऊ नकोस, त्याचे भाऊ आपल्या कासलाच आहेत.

सतीश माझ्यामागे नव्हता. तो दुकानाच्या कोपऱ्यात मातीच्या पोत्यांपाशी उभा होता. या झाडांना लागणारी दलदलीतली काळी भुसभुशीत माती, पीट, तिथे पोत्यांत मिळे. त्याने पोत्यावर बोट ठेवलं.

"हे कॅनडातून येतं, ताई. ही माती जिथली आहे, तिथे यातलं कुठलं झाड उघड्यावर टिकेल?"

"त्यातलं एक तिथलंच आहे. तुझा तो बुटका."

"बर्फात?"

"बर्फ अंगावर घेऊनच झोपतो तो."

"उणे वीसमध्ये?"

"हो. फ्लायट्रॅपला मात्र इतकी थंडी बाहेर सोसणार नाही. तो..." एवढं बोलले आणि थांबले. माझ्यातल्या शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं होतं, बहिणीला प्रश्न आत्ता कुठे कळत होता. "साताऱ्यात उणे वीस कुठून आणणार तू?"

"आम्ही कॅनडाला चाललोय," सतीश म्हणाला. "कागद झाले. ईशाची परीक्षा झाली की. ताई, कायमचे."

शेजारी एक मूल फ्लायट्रॅपच्या जबड्यात बोट घालत होतं आणि त्याची आई त्याला अरबीत रागवत होती. विक्रेता हातात पिशवी घेऊन उभा होता. ईशाने माझ्या हातातला पेला हळूच काढून घेऊन जागेवर ठेवला. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

गाडी समुद्राच्या कडेने चालली होती. पाणी हिरवं, स्वच्छ, शांत. मग माझ्या तोंडून निघालं, "वरच्या मजल्यावर मागच्याच महिन्यात गिझर बसवलाय."

सतीशने गाडी चालवत असताना एक हात स्टिअरिंगवरून काढला, आणि पुन्हा ठेवला.

पुन्हा सलवा

त्या रात्री मी लवकर झोपायला गेले आणि झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सतीश कामावर गेल्यावर मेधा ओट्याशी पापलेटं साफ करत होती. तिथे त्याला झुबैदी म्हणतात आणि पाहुण्याला ते खिलवल्याशिवाय सोडत नाहीत. मी खात नाही, तरी सतीशसाठी ती करायची. मी लसूण सोलायला बसले.

"दिवाळीपासून सांगायचं चाललंय त्यांचं," मेधा म्हणाली. "फोन लावायचे, तुमचा आवाज ऐकला की हवापाण्याचं बोलून ठेवायचे. मीच म्हटलं, ताईंना इथे बोलवा, समोर बसून सांगा. समोर बसवलं तर झाडं दाखवत बसले."

तिने पुढचं पापलेट ओढलं.

"आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, यांच्या नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की थोड्या दिवसांत सामान आवरायचं. कितीही वर्षं राहिलं तरी इथलं होता येत नाही. आणि नव्वद साल तुम्हाला आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं. त्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा सतीशचं लग्न नुकतंच झालं होतं, मेधा पुण्यात माहेरी होती. कितीतरी दिवस त्याची काही खबर नव्हती. मग तो बसने, वाळवंटातून, अम्मानमार्गे, एका पिशवीनिशी घरी आला. मी दार उघडलं तेव्हा त्याला आधी ओळखलंच नव्हतं. सगळं निवल्यावर तो परत गेला, पण घरात एक पिशवी भरलेली असायची, असं मेधा आता सांगत होती. "अजून असते. कपाटात वरती. ईशाला वाटतं ती जिमची आहे."

"मग साताऱ्याला का नाही?" मी विचारलं. आवाज माझ्या मनाविरुद्ध चढला.

मेधाने हात धुतले, पुसले, माझ्यासमोर बसली. "तिथे हे काय करतील, ताई? मला पटेल असं तुम्ही सांगा. मी आजही ऐकेन."

मी लसणाच्या पाकळ्या सोलत राहिले. रिफायनरीतला माणूस साताऱ्यात काय करेल, ईशा मराठी शाळेत काय करेल, याची उत्तरं मी वरच्या मजल्याच्या नकाशात शोधली होती असं माझ्या लक्षात आलं. खिडक्या पूर्वेला, गॅलरी मोठी, फरशी मेधाच्या आवडीची. दिवस कसा जाईल ते कुठेच काढलेलं नव्हतं.

"फरशीचा रंग दाखवायला आणला होता मी," मी म्हटलं आणि पर्समधून तुकडा काढून तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरून नीट पाहिला. "चांगला आहे," म्हणाली, आणि रडायला लागली. मग मलाच तिची समजूत काढावी लागली.

वाळवंटात

कुवेती लोकांचा हिवाळ्यातला आनंद म्हणजे वाळवंटात तंबू ठोकून राहणं. शहरात संगमरवरी घरं असलेली माणसं आठवडे आठवडे तंबूत जाऊन राहतात. आपण गावाकडे जातो तसंच ते. उम्म यूसुफच्या कुटुंबाचा तंबू होता आणि आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. मला जायची इच्छा नव्हती. पण त्या स्वतः वर येऊन माझी चप्पल हातात घेऊन उभ्या राहिल्या, मग इलाज नव्हता.

पाऊस होऊन गेला होता. वाळवंट म्हणजे पिवळी वाळू अशी माझी कल्पना होती. इथे खडबडीत जमिनीवर पोपटी साय धरल्यासारखं गवत उगवलं होतं आणि वाकून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढी जांभळी फुलं. उम्म यूसुफचे मुलगे जमिनीला कुठे भेग पडली आहे ते बघत हिंडत होते. तशी जागा दिसली की उकरायचे आणि आतून बटाट्यासारखी अळंबी काढायचे. फगा म्हणतात तिला. पाऊस झाला तरच येते. ती भातात शिजवून आली तेव्हा तिला ओल्या मातीचा आणि लोण्याचा वास होता. मी दोनदा वाढून घेतलं. दुःखात माणसाची भूक जाते म्हणतात, माझी गेली नाही.

तंबूत गालिच्यावर, शेगडीजवळ उम्म यूसुफ माझ्या शेजारी टेकल्या. छोट्या पेल्यात वेलचीची कॉफी ओतत म्हणाल्या, "सतीश जाएगा. मेरा ऊपर का घर खाली."

"मेरा भी ऊपर का घर खाली," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलं नाही. मग मी त्यांना माझ्या घराचं, वरच्या मजल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, माझ्या गुडघ्यावर थापटलं. "खाली घर अच्छा नहीं. धूल आता है. किराया पे दो, बच्चा लोग वाला फैमिली को. आवाज़ आएगा." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "मैं भी ऐसा करेगा."

संध्याकाळी सतीश मला तंबूपासून थोडं दूर फिरायला घेऊन गेला. मेधाचा कोट माझ्या अंगावर होता.

"रागावलीस?"

"हो."

"किती दिवस?"

"अजून ठरवलं नाही."

तो हसला. "ताई, साताऱ्याचं घर माझं आहे असं मी इथे सगळ्यांना सांगतो. खरंच वाटतं मला तसं. पण तिथे सकाळी उठून मी काय करीन, हे डोळ्यांसमोर आणायला गेलो की काही येत नाही. तू अंगणात दिसतेस, मी दिसत नाही."

"हे मला दिवाळीत सांगितलं असतंस तर गिझर तरी वाचला असता."

"मला भीती वाटली गं."

"कशाची? मी काय केलं असतं?"

"काही केलं नसतंस. ये म्हणाली नसतीस, जाऊ नको म्हणाली नसतीस. एकटीच राहिली असतीस."

मी त्याच्या दंडाला धरलं. जमीन खडबडीत होती आणि अंधारत आलं होतं, तेवढं निमित्त पुरलं. आम्ही तसेच परत आलो.

झाडांची वाटणी

परतीच्या आदल्या शुक्रवारी सकाळी सतीश, ईशा आणि मी गॅलरीत जमिनीवर बसलो. महादेवांचा आकाशी ट्रे मध्ये ठेवला. सतीशने ठरवून टाकलं होतं की बुटक्या सरासेनियाचा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून कॅनडाला न्यायचा, आणि तुतारीवाल्याचा एक तुकडा माझ्या बॅगेत घालायचा.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "परवान्याशिवाय झाडं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची नाहीत. मी हेच शिकवत आलेय. आणि बुटक्याला तू कुठे नेतोयस? तो तिथे तुझ्या आधीपासून आहे. दलदलीत जाऊन बघ त्याला. उपटून मात्र आणू नकोस. बागेत लावायचा असेल तर रोपवाटिकेतून घे."

मग मी त्याला नीट निवडून दिलं. बाहेर, बर्फात ठेवायला तो बुटका आणि गोल पानांचं दवबिंदू. ते हिवाळ्यात स्वतःला मुठीएवढंही नाही, वाटाण्याएवढं मिटून घेतं, तेव्हा मेलं समजून फेकायचं नाही. उंच तुतारीवाला हवाच असेल तर त्याच्यावर वाळक्या पानांचं जाड पांघरूण घालायचं. फ्लायट्रॅप थंड, पण गोठणार नाही अशा खोलीत, खिडकीशी. घटपर्णीच्या नादाला लागायचं नाही. ईशा मोबाइलमध्ये काहीतरी टिपत होती. मधेच तिने विचारलं, "आत्या, इफ इट्स अंडर द स्नो, हाऊ डू वी नो इट्स ओके?"

"नाही कळत," मी म्हटलं. "वसंत येईपर्यंत थांबायचं."

इथली सगळी झाडं ट्रेसकट उम्म यूसुफना दिली. त्यांना मी प्रत्यक्ष शिकवलं. उन्हाळ्यात एसीजवळ, एसीचंच पाणी, हिवाळ्यात बाहेर, काळं पडलं तरी घाबरायचं नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट माझ्यामागून म्हणून दाखवली. शेवटी मी काही बोलायच्या आत त्यांनीच बोट हलवलं. "गोश्त नहीं."

विमानतळावर सतीश बॅग ढकलत माझ्याबरोबर आत येता येईल तिथवर आला. "तू येशील ना तिकडे?"

"उन्हाळ्यात येईन. दलदलीत चालायला मला गमबूट लागतील. घेऊन ठेव."

"माप?"

"पाच."

त्याने पुन्हा विचारलं, पाचच ना. मी हो म्हटलं आणि आत गेले.

साताऱ्याला आल्यावर वरचा मजला मी आमच्या कॉलेजात नव्याने लागलेल्या एका प्राध्यापकांना भाड्याने दिला. त्यांना दोन मुली आहेत आणि उम्म यूसुफ म्हणाल्या तसा आवाज भरपूर येतो. सतीश त्या वर्षी गेला. पहिला हिवाळा त्यांना जड गेला, त्याला मनासारखं काम मिळायला वेळ लागला, फोनवर तो हवापाण्याचंच जास्त बोलायचा. मी आता त्या बोलण्यातून बाकीचं ओळखायला शिकले होते, आणि न लाजता विचारायलाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी गेले. त्याच्या घराच्या दारात गमबूट ठेवले होते, पाच नंबरचे, भडक लाल. या मापाचे फक्त लहान मुलांच्या दुकानात मिळाले, असं तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. साताऱ्यात असते तर मी ते पायात घातले नसते. तिथे मी ते घातले, साडी पोटरीपर्यंत खोचली, आणि माझ्या भावाचा हात धरून दलदलीत उतरले.